आमचा हिंदी महासागर

जळगावपासून समुद्र किती लांब आहे, ते मे महिन्यात कळतं. पारा पंचेचाळिसाला टेकला, की डोक्यावर ओला रुमाल टाकून बँकेत निघालेला माणूस चौकाचौकात समुद्राची आठवण काढतो. अशा गावात राहून मी गेली पंचवीस वर्षं महासागराची भक्ती करतो आहे. तीही लहानसहान नव्हे, थेट हिंदी महासागराची.

गैरसमज नको. 'इंडियन ओशन' हे दिल्लीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींच्या एका ताफ्याचं नाव आहे. त्याला बँड म्हणतात. आमच्याकडे बँड म्हटलं, की वरातीपुढे लाल कोट घालून घामाघूम झालेली माणसं डोळ्यांपुढे येतात, म्हणून खुलासा आधीच केलेला बरा. माझं लग्न ठरलं तेव्हा हा खुलासा करायचा राहून गेला. "जावयाला बँडचा नाद आहे" एवढीच बातमी धुळ्याला पोचली, आणि वरातीच्या बँडवाल्याशी घासाघीस करायची कामगिरी सासरेबुवांनी विश्वासाने माझ्यावरच सोपवली.

तर हा नाद लागला २००० साली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा मामेभाऊ दिवाळीला आला आणि जाताना 'कंदिसा' नावाची नवी कॅसेट आमच्याकडे विसरून गेला. पुढे तीन वर्षं तो ती परत मागत होता आणि मी शोधत होतो. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कॅसेटची डबी चष्मा वर करून वाचली. "इंडियन ओशन. वा! भूगोल!" म्हणाले. "बँकेच्या परीक्षेला जनरल नॉलेज लागतंच. ऐक, मोठ्याने ऐक." त्या एका गैरसमजावर मी पंधरा दिवस टेपरेकॉर्डर मोठ्याने लावला. सोळाव्या दिवशी नानांनी विचारलं, "यात अजून एकाही बंदराचं नाव कसं आलं नाही?"

पुढे वाचनात आलं, की हे नाव त्या बँडच्या सुस्मित सेन यांच्या वडिलांनी सुचवलं होतं. म्हणजे एका बापाने नाव दिलं आणि दुसऱ्या बापाने त्याचा भूगोल केला!

आजीची अडचण वेगळीच. "कांदासना काय भाव सांगी ऱ्हायना रे तो?" तिने अहिराणीत विचारलं. कंदिसा म्हणजे कांदा नव्हे, हे मलाही नंतरच कळलं. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मंडळींची ती जुनी प्रार्थना. भाषा सिरियाक, म्हणजे अरामीची लेक. अर्थ एवढाच, की देवा, तू पवित्र आहेस. आजीला म्हटलं, "देवाचं गाणं आहे." तिने बसल्या जागी हात जोडले. पुढे ती होती तोवर, गाणं लागलं की हातातली लसूण खाली ठेवून हात जोडायची. दिल्लीच्या पोरांनी गायलेली केरळची प्रार्थना जळगावच्या म्हातारीला पोचली, यात मला त्या वेळी काही विशेष वाटलं नाही. वय वीस होतं. त्या वयात फक्त आवाज किती मोठा आहे ते कळतं.

जाणकार सांगतात, की या जातीच्या गाण्याचं मूळ विलायतेत आहे. १९७० च्या आगेमागे पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस वगैरे मंडळींनी तीन मिनिटांच्या गाण्याची शिस्त मोडली. पिंक फ्लॉइडचं १९७१ मधलं 'एकोज' एकटंच तबकडीची अख्खी बाजू अडवून बसलं आहे. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आमच्या इंडियन ओशनला शास्त्राप्रमाणे फ्यूजन रॉक म्हणायला हवं; पण घाई न करणं, मुखडा-अंतऱ्याच्या रुळांवरून न जाणं, हा घराण्याचा गुण तोच.

हा गुण सगळ्यांना मानवतो असं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेने सौभाग्यवतींना कॅसेट ऐकवली. चार मिनिटांनी त्यांनी विचारलं, "सुरू कधी होणार?"

"म्हणजे? सुरूच आहे की!"

"अगं बाई! मला वाटलं, वाद्यं लावताहेत."

धुळ्याच्या शेवभाजीत आणि धुळ्याच्या माहेरवाशिणीच्या अभिप्रायात तिखट सारखंच असतं. मी म्हटलं, "भरीत काय दोन मिनिटांत होतं? पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यांवर वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची..." त्या म्हणाल्या, "हो, पण भरीत शेवटी पानात तरी पडतं."

बँड निघाला १९९० मध्ये. माझ्या कॅसेटवर चौघे होते, आणि चार माणसांची शाखा कशी चालते हे मला चांगलं ठाऊक असल्याने मी त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहायचो. सुस्मित सेन गिटारवर. असीम चक्रवर्ती जमिनीवर मांडी घालून तबला वाजवणार आणि वर गाणारही. म्हणजे कॅश आणि क्लिअरिंग एकाच माणसाकडे. अमित किलम ड्रमवर, मधूनच गबगुबी नावाचं वाद्यही वाजवणार. आणि राहुल राम बास गिटारवर. हे गृहस्थ अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर, तेही पर्यावरणातल्या विषांवरचे. एवढं शिकून दाढी वाढवून ते गाऊ लागले, हे नानांना समजलं तेव्हा नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी नुसता बी.कॉम. होतो, तरी धोका त्यांना जाणवला असावा.

२५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले. आमच्याकडे एखादा गेला, की त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी भरते, नाहीतर टेबलासकट नाहीशी होते. इथे एका असीमदांच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली, तबल्याला तुहिन चक्रवर्ती आणि गाण्याला हिमांशू जोशी. ज्या बँकेत तिघांच्या जागेवर एक बसतो, तिथल्या लिपिकाने हे वाचून डोळे पुसले तर त्याला हसू नका. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. त्यांच्या जागी निखिल राव आले. शाखा चालू राहिली.

मधे २०१० मध्ये त्यांनी एक अल्बम काढला आणि लोकांना चकटफू वाटला. व्यवहाराच्या दृष्टीने हे चूक, पण ते असो. त्याचं नाव होतं '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं तालीम करत, त्याचा हा पत्ता. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. पत्ता काय गाण्याला द्यायची गोष्ट आहे? पत्ता फॉर्मवर लिहितात, सुटसुटीत अक्षरांत, चौकोनामागे चौकोन भरत.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी माझी बदली तळोद्याकडे झाली.

शाळेत आमच्या वेळी धुळे जिल्हा मोठा होता. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. त्या जुन्या नकाशात, पार वरच्या टोकाला, सातपुड्यापलीकडे एक निळी रेघ असायची. ती नर्मदा. खानदेशची नदी म्हणून तापी लिहायची. नर्मदा लिहिली तर गुरुजी अर्धा मार्क देत आणि वर संशयाने बघत. त्या निळ्या रेघेकाठची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. मणिबेली त्यांतलं पहिलं. पुष्कळ कुटुंबांना तळोद्याच्या बाजूला वसाहतींत जमिनी मिळाल्या. आणि वसाहतीत राहायला आलेल्या माणसाला जसं घर लागतं, तसं बँकेत खातंही लागतं. तिथे मी होतो.

दुपारी दोनची वेळ. खिडकीपुढे रांग. केवायसीचे दिवस. एक म्हातारबाबा तिसऱ्यांदा आले होते. दोनदा त्यांना मीच परत पाठवलं होतं, कारण 'कायमचा पत्ता' या रकान्यात ते नर्मदेकाठचं गाव लिहून आणत. तिसऱ्यांदाही तेच.

"बाबा, हा पत्ता चालणार नाही. हे गाव आता नाही."

"गाव हाय," ते शांतपणे म्हणाले. "पाण्याखाली हाय."

आमच्या संगणकात 'पाण्याखाली' असा पर्याय नव्हता. मी तोंड उघडणार, इतक्यात खिशातला मोबाईल वाजला. शाखेत फोन बंद ठेवायचा नियम होता, आणि माझ्या फोनवर 'कंदिसा'तलंच 'मा रेवा' लावलेलं होतं. साहेबांनी काचेतून पाहिलं. मी घाईघाईने खिसे चाचपू लागलो. पँटच्या खिशात किल्ल्या, शर्टाच्या खिशात शिक्क्याची शाई. आणि रांगेत बाबा गुणगुणायला लागले होते. फोनच्या एक शब्द पुढे.

"हे गाणं तुझ्याकडं कुठून आलं?" त्यांनी विचारलं. सातपुड्यात सगळ्यांना 'तू'च म्हणतात, देवालाही आणि कलेक्टरलाही. क्लार्कने राग मानायचं कारण नाही.

"दिल्लीचा बँड आहे, बाबा," मी जरा ऐटीत म्हणालो.

"दिल्लीचं?" म्हातारबाबांना हसू आवरेना. "ती माझ्या दारापुढून वाहायची. मोर्च्यात जाताना म्हणायचो हे आम्ही."

बरोबरच होतं. मी तेरा-चौदा वर्षं ऐकत होतो आणि कॅसेटच्या डबीवर वाचूनही होतो, की हे नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत आहे. रेवा म्हणजे नर्मदा, हेही माहीत होतं. १९९० नंतरची काही वर्षं राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात घालवली आणि तिथून ते गाणं आणलं, हे तर मी लोकांना चहाच्या टपरीवर ऐकवायचो. पण माहिती असणं आणि समोर रांगेत उभं असणं यात फरक आहे. मी समजत होतो, की मला दूरच्या महासागराची आवड आहे. पाणी आमच्याच नकाशातल्या त्या अर्ध्या मार्काच्या रेघेचं होतं.

मी फॉर्म पुढे ओढला. सध्याच्या पत्त्यात वसाहतीचं नाव लिहिलं. त्याला पुरावा होता. 'जन्मस्थान' नावाचा एक रकाना असतो, तो कोणी भरत नाही आणि कोणी तपासत नाही. तिथे सुटसुटीत अक्षरांत, चौकोनामागे चौकोन भरत, मी त्यांचं गाव लिहिलं. शेवटचं अक्षर चौकोनाबाहेर गेलं. बाबांना अक्षरओळख थोडी होती. त्यांनी बोट ठेवून गावाचं नाव वाचलं आणि मग अंगठा न देता सही केली. तिला पाच मिनिटं लागली. रांगेतून "काय सुरू आहे तिकडे?" असा आवाज आला. मला खजूर रोडची आठवण झाली, आणि चार वर्षांपूर्वीचं माझं हसू मलाच थोडं महागात पडलं.

जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना बाहेर लिंबाखाली गाठलं आणि फोनवर अख्खं गाणं लावलं. डोळे मिटून ऐकत बसले. एवढी वर्षं मी या गाण्याची तारीफ करत होतो. पण ते ज्यांचं आहे त्यांचं मत घ्यावं, असं कधी सुचलं नव्हतं. गाणं संपलं. मी परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा उभा.

"चांगलं म्हणतात," बाबा म्हणाले. फोन माझ्या हातात ठेवला. पिशवी उचलली. चार पावलं जाऊन परत फिरले.

"पण त्यांना सांग, ढोल बारीक पडला."

हा निरोप मी अजून दिल्लीला पोचवलेला नाही. सध्या धुळ्याला असतो. घरी ते गाणं लागलं, की उठून आवाजाचं बटण ढोलाच्या बाजूला जमेल तेवढं फिरवतो. सौभाग्यवती आतून विचारतात, "वरात कोणाची?"