पायगुण कार्डाचा, की...?

शनिवार दुपार. डोंबिवली-दादर लोकलचा मालडबा. माझ्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणि समोर रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशी.

‘काय आहे रे त्यात?’

‘कॉम्प्युटर. आजारी आहे.’

‘मग चाललास कुठं? जेजे हॉस्पिटलला?’

‘त्याच बाजूला. लॅमिंग्टन रोडला!’

मावशी हसल्या. मी मात्र हसण्याच्या मूडमध्ये अजिबात नव्हतो. कारण सोमवारी सकाळी दहा वाजता माझ्या धाकट्या बहिणीची आर्किटेक्चरच्या थिसिसची ज्युरी होती. पाच वर्षांची मेहनत, चौदा रेंडर बाकी आणि कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी राम म्हणत होता.

झालं होतं असं. आतापर्यंत बिचारी रेंडर काढायला ठाण्याला मैत्रिणीकडे जायची. रात्री-अपरात्रीची परतायची. यंदा बोनस झाला तेव्हा मी दादागिरी केली, म्हणजे खऱ्या अर्थानं दादाचं काम केलं. १७० वॅटचं झकास ग्राफिक्स कार्ड आणलं. स्वतः बसवलं. पंखे फिरले, लाइट लागले, आईनं लांबूनच हात जोडले. आणि पहिलं रेंडर लावल्यावर आठव्या मिनिटाला... खट्! स्क्रीन काळी. मशीन आपोआप पुन्हा सुरू.

‘हे नवीन आलं आणि घरातलं चांगलं चालणारं यंत्र बंद पडायला लागलं,’ आई म्हणाली. ‘पायगुण म्हणतात तो हाच.’

आईशी कोण वाद घालणार? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. कार्ड येण्यापूर्वी सगळं ठीक होतं, कार्ड आल्यावर बिघडलं. म्हणजे दोषी कोण? लॉजिक क्लिअर!

तरी इंजिनिअरिंगची लाज राखायला मी शुक्रवारची रात्र जागवली. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये नेला. इंटरनेटची वायर काढली, नाहीतर विंडोज आपल्या मर्जीनं ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मग डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुने ड्रायव्हर धुऊन काढले आणि नवे टाकले. खट्! कार्ड काढून पुन्हा नीट खाच लागेपर्यंत बसवलं. खट्! तापमान बघितलं तर जेमतेम सत्तर. म्हणजे तापही नाही. शेवटी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथं दर वेळी एकच नोंद, ‘कर्नल-पॉवर ४१’. ही नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता अचानक गेलं. का गेलं, ते सांगत नाही. म्हणजे पंचनामा आहे, आरोपीचं नाव नाही.

माझ्या डोक्यात मात्र आरोपी ठरलेला होता. शनिवारी जायलाच हवं होतं, कारण लॅमिंग्टन रोड रविवारी बंद असतो. त्यामुळे दादरला गाडी बदलून स्लो पकडली आणि चादरीतल्या पेशंटला घेऊन ग्रँट रोडला पूर्वेला उतरलो. डोक्यात भांडणाची पूर्ण स्क्रिप्ट तयार!

तुम्ही कधी इथं आला नसाल तर आधी थोडी ओळख. ऑपेरा हाउसजवळून मुंबई सेंट्रलच्या दिशेनं जाणारा हा रस्ता. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचाराल तर चार जण मान हलवतील. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडी टिकून आहेत. एके काळी लोक इथं सिनेमासाठी यायचे. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. आता ती गर्दी नाही. गर्दी आहे ती प्रोजेक्टसाठी सर्किटचे सुटे भाग शोधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांची, सीसीटीव्ही बसवणाऱ्यांची आणि माझ्यासारख्या गुंडाळीवाल्यांची.

जुन्या इमारती, लाकडी जिने, पोटमाळ्यावरचे गाळे. फुटपाथवर केबलची वेटोळी. प्रत्येक दुकानदार ‘क्या चाहिए बॉस?’ म्हणत तुम्हाला आत ओढणार. वापरलेली कार्डंही दिसतात. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी दिवसरात्र राबवायला कार्डं उचलली आणि साध्या गिऱ्हाइकाला ती मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं कार्डांवरचं ते ‘खाणकाम’ बंद केलं आणि तीच थकलेली कार्डं बाजारात आली. स्वस्तात मिळतात, पण आधीच्या मालकानं किती घाम काढलाय ते तोंडावर लिहिलेलं नसतं. आमचं कार्ड नवंकोरं होतं. म्हणून तर राग जास्त!

‘खराब माल दिलात,’ मी काउंटरवर चादर सोडत म्हणालो.

दुकानदारानं आवाज चढवला नाही. कार्ड काढलं, मागे उघड्या टेबलावर मांडलेल्या टेस्टिंगच्या मशीनला लावलं आणि जड टेस्ट सुरू केली. ‘चाय लेंगे?’ दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझा कटिंग संपला. पाऊण तासानंतरही कार्ड मजेत फिरत होतं. ना काळी स्क्रीन, ना रंगीत ठिपके.

‘बॉस, कार्ड एकदम ओके है. उस दिन मैंने पूछा था, एसएमपीएस कितने का है?’

विचारलं होतं खरं. मी ऐटीत ‘साडेचारशे’ म्हणालो होतो. ‘कम से कम साढ़े पाँच सौ लगेगा’ असंही तो म्हणाला होता. मला वाटलं, गळ्यात आणखी एक वस्तू मारतोय! वरून माझ्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची वायरच नव्हती, म्हणून मी बाहेरून शंभर रुपयांचा कनेक्टर घेतला होता. आपण किती हुशार, या खुशीत.

त्यानं मला शेजारच्या जिन्यानं वर पाठवलं. वर एक काका. समोर मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, पोट उघडून ठेवलेले पाच-सहा एसएमपीएस. काकांनी कॅबिनेटला हातही लावला नाही. आधी प्रश्न. अगदी जुन्या फॅमिली डॉक्टरांसारखे.

‘बंद कधी पडतो?’

‘रेंडर लावलं की.’

‘नेट, ईमेल, पिक्चर बघताना?’

‘नाही, काका. तासन् तास चालतो.’

‘निळी स्क्रीन येते?’

‘नाही. थेट काळी आणि मशीन रीस्टार्ट.’

‘हं. निळी आली असती तर ड्रायव्हर, रॅम असं काही बघितलं असतं. पडद्यावर चौकटी, ठिपके आले असते तर कार्डाची मेमरी. हा तर उपाशीपोटी चक्कर येऊन पडतोय. उघड.’

मी झाकण उघडलं. काकांनी एसएमपीएस बाहेर ओढला, कुशीवरचं स्टिकर माझ्यासमोर धरलं. ४५० हा आकडा मोठ्ठा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता.

‘बारा व्होल्टच्या खाली काय लिहिलंय?’

‘अठरा अँपिअर.’

‘गुणाकार कर.’

बारा गुणिले अठरा. दोनशे सोळा.

‘कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बाराच्याच लाइनवर जेवतात. कार्ड १७०, प्रोसेसर ६५, वर पंखे, डिस्क. झाले किती? बाकीचे वॅट पाच आणि ३.३ व्होल्टच्या लाइनला दाखवलेत, त्यांना आता फार कोण विचारतं? साधं काम करताना कार्ड वीसेक वॅट खातं, तेव्हा काही जाणवत नाही. रेंडर लावलं की ताट मागतं. व्होल्टेज खाली येतं आणि मशीन जातं. आता हे बघ.’

माझा शंभर रुपयांचा कनेक्टर त्यांनी तळहातावर ठेवला. आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅटपर्यंत वीज घ्यायची असते. ती मी जुन्या हार्ड डिस्कच्या बारीक वायरीतून खेचत होतो. कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालं होतं. वितळायला लागलं होतं.

‘रात्रभर रेंडर लावून झोपता ना तुम्ही?’ काकांनी शांतपणे विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. कॉम्प्युटरचं टेबल बहिणीच्या पलंगाला लागून आहे.

‘हा एसएमपीएस कुणी निवडला?’

मीच. २०२० मध्ये तिचं पहिलं वर्ष ऑनलाइन सुरू झालं तेव्हा मशीन मीच जुळवलं. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळतोय तर दोन हजार कशाला घालवा, असा माझा फंडा होता. पाच वर्षं त्यानं निभावलं, कारण कुणी त्याच्याकडे जास्त मागितलंच नव्हतं. घरात नवं माणूस आलं, हक्कानं पोटभर मागितलं आणि जुन्या घराचा पोकळ वासा उघडा पडला. नाव मात्र नव्याचंच खराब!

साडेसहाशे वॅटचा, बारा व्होल्टला चौपन्न अँपिअर देणारा एसएमपीएस घेतला. साडेचार हजार गेले. काकांनी तो बसवून, कार्डाला त्याची स्वतःची वायर देऊन, अर्धा तास चालवून दाखवला. निघताना दुकानदाराला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, ‘चलता है, बॉस. सब पहले कार्ड को ही गाली देते हैं.’

घरी पोचायला नऊ वाजले. साडेनऊला रेंडर लागलं. आम्ही तिघं समोर बसलो, कुणीच बोलेना. आठवं मिनिट गेलं. नववं गेलं. पाऊण तासानं पहिलं चित्र पूर्ण झालं. तिच्या ग्रंथालयाचं अंगण, त्यावर पडलेली संध्याकाळची उन्हं. रविवारी रात्री चौदाही पुरी.

‘बघ, पायगुण चांगला निघाला,’ आई म्हणाली.

‘आई, पायगुणाचं सोड,’ बहीण माझ्याकडे बघत म्हणाली. ‘दादाच्या हातगुणाचं बोल!’

नवं कार्ड घेताय? मग एवढं बघाच

* कार्डाचे वॅट आणि त्यासाठी सांगितलेला किमान एसएमपीएस, दोन्ही घेण्याआधी वाचा. एसएमपीएसवरचा मोठा आकडा सोडा, बारा व्होल्टचे अँपिअर बघून गुणाकार करा.

* कार्डाची वायर थेट एसएमपीएसमधूनच यायला हवी. जोडकनेक्टर नकोच. असलाच तर आज रात्री मशीन चालू ठेवून झोपू नका.

* एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, मग बैठक, मग तापमान, मग वीज. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशानं सुधारलं ते कळणार नाही.

* कार्डावर शंका असेल तर ते दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये लावून बघा. निम्मा वाद तिथंच मिटतो.

* लॅमिंग्टन रोडला जाताना सुटं कार्ड नेऊ नका, अख्खं कॅबिनेट न्या. जड पडतं, पण आरोपी बहुतेक आतच असतो.