आठवणीचं माप

नाटकातलं घर पहिल्यांदा उभं राहतं ते नेपथ्यकाराच्या टेबलावर, पुठ्ठ्याचं. अर्ध्या इंचाला एक फूट या मापानं भिंती कापायच्या, दारं-खिडक्या पाडायच्या, जिना चिकटवायचा. दिग्दर्शक मान तिरकी करून आत डोकावतो, निर्माता खर्च विचारतो. मग सुतार-रंगारी कामाला लागतात आणि मॉडेल कपाटावर धूळ खात पडतं. कॅनडातल्या क्वेबेक शहरच्या रॉबेर लेपाजनं हे मॉडेलच रंगमंचावर आणलं. आठवण कशी बांधायची, हे मला त्याच्या '८८७' या नाटकानं जितकं शिकवलं तितकं कुठल्याच पुस्तकानं शिकवलेलं नाही.

लेपाज नट आहे, लेखक-दिग्दर्शक आहे. सिनेमे करतो, ऑपेरा बसवतो. १९९४ साली त्यानं 'एक्स माकिना' ही संस्था काढली. '८८७' हा त्याचा २०१५ सालचा एकपात्री प्रयोग. मी तो २०१७ मध्ये लंडनच्या बार्बिकनला पाहिला. नाव म्हणजे घरक्रमांक. मरे अव्हेन्यूवरच्या या इमारतीत १९६०च्या दशकात त्याचं बालपण गेलं. वडील टॅक्सी चालवायचे, आणि घरात स्मृती हरवत चाललेली आजी होती.

प्रेक्षागृहातले दिवे चालू असतानाच तो साध्या गप्पा मारत सुरुवात करतो. मग इमारत समोर येते. तिच्याशेजारी तो अवाढव्य दिसतो. एकेक खिडकी उजळते, आत इवलीशी माणसं वावरताना दिसतात आणि तो मजल्यामजल्यानं शेजाऱ्यांची ओळख करून देतो. पुढे हीच इमारत फिरते, उघडते आणि आतून त्याचं आजचं स्वयंपाकघर निघतं, खऱ्या मापाचं. बालपण बाहुलीघराएवढं, आज माणसाएवढा. मोठेपणी जुन्या घरी गेलेल्या प्रत्येकाला ते घर लहान वाटतं; लेपाजनं ते 'वाटणं' फूटपट्टीत बसवलं.

फिरतं नेपथ्य आपल्याला नवं नाही. १९६२ साली आलेल्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरत्या रंगमंचावर कोर्ट जाई आणि घडून गेलेला प्रसंग समोर येई; प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत दिसत. तिथली आठवण म्हणजे पुरावा. तो पूर्ण मापात, स्वच्छ उजेडातच यायला हवा. '८८७'मध्ये मात्र साक्ष देणाऱ्याचाच स्वतःच्या साक्षीवर भरवसा नाही.

कारण त्याचं पाठांतर होत नाहीये. १९७० साली माँट्रियलला झालेल्या कवितेच्या रात्रीला चाळीस वर्षं झाली, म्हणून त्याला मिशेल लालोंद यांची 'स्पीक व्हाइट' ही कविता म्हणायला बोलावलंय. फ्रेंच बोलणाऱ्यांना 'इंग्रजीत बोला' म्हणून हिणवताना वापरली जाणारी शिवीच कवितेचं शीर्षक झालीय. जन्मभर संवाद पाठ केलेल्या नटाच्या डोक्यात ती बसत नाही. मग तो जुन्या युक्तीकडे वळतो: मनात एक घर कल्पायचं आणि लक्षात ठेवायची गोष्ट त्याच्या खोल्याखोल्यांतून ठेवत जायची. ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर ही युक्ती सांगतात. मेजवानीचं छप्पर कोसळलं, तेव्हा कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्यानं प्रेतं ओळखून दिली, अशी कथा सिसेरोनं नोंदवली आहे. आमच्या नटांना हे अंगानं माहीत असतं. दौऱ्यावर एखाद्या गावी रंगमंच अरुंद निघतो, आम्ही सोफा हातभर सरकवतो, आणि शंभर प्रयोग पक्कं असलेलं वाक्य नेमकं तिथेच अडखळतं.

लेपाजच्या घरात आणखी एक गोष्ट आहे, वडिलांची टॅक्सी. इंग्रजीचा वरचष्मा असलेल्या देशात फ्रेंच बोलणाऱ्या कष्टकऱ्याच्या वाट्याला काय यायचं, हे त्या गाडीपाशी आल्यावर कळतं. शेवटी तो कविता सगळी म्हणतो, पोटातून. मला त्यात निव्वळ पाठांतर ऐकू आलं नाही. वडील ऐकू आले.

अलीकडे आपल्याकडे नेपथ्याची बैठक 'एलईडी पडदा लावून टाकू' इथे संपू लागली आहे. पडद्याला माझा विरोध नाही, '८८७'मध्येही तो आहे. १९६७ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल क्वेबेकला आले तो प्रसंग लेपाज खिशातल्या फोनवर उभा करतो. रस्त्याकडेला मांडलेल्या बोटभर माणसांसमोरून फोनचा कॅमेरा सरकतो आणि मागे मोठी गर्दी दिसते. पण बोटभर माणसं आणि ती गर्दी, दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी दिसत असतात. चित्र कशाचं आहे ते त्याला ठाऊक असतं. नुसत्या पडद्यावर वाड्याचा फोटो टाकला तर त्या वाड्याला माप नसतं. नट त्याच्या पायरीवर बसू शकत नाही की चौकटीला टेकू शकत नाही. म्हणून वाड्याची आठवण सांगणारं नाटक आलं की मी निर्मात्याकडे पडद्याऐवजी सुताराचे थोडे जास्त दिवस मागतो.