रिकामा रांजण

मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी तुम्ही कशी घालवता? आमच्या तरुणपणी अनेक जण सुट्टीत श्रमशिबिरांना जात. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरवण्याचा प्रघात पाडला. सकाळी श्रम आणि नंतर व्याख्याने व चर्चा, असा तिचा क्रम. तिचाच आदर्श ठेवून 1994 साली सेनगावजवळच्या एका खेड्यात आम्ही छोटेसे शिबिर घेतले. तेव्हा सेनगाव परभणी जिल्ह्यात होते; हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला.

शिबिरात पिण्याचे पाणी भरण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी मी कडुनिंबाच्या सावलीत झोपलो. बांधावर दगड वाहून मुले परत आली, तर रांजण रिकामा! मला वाटले, आता बोलणी बसणार. पण आमचे प्रमुख काहीच बोलले नाहीत. त्यांनी घागर उचलली आणि ते विहिरीकडे निघाले. मी शरमेने त्यांच्यामागे धावलो.

आज ते सारे कार्यकर्ते पांगले आहेत. एक जण दवाखान्यात काम करतो, एक एस.टी.चा चालक आहे, एक ताई अंगणवाडी सेविका झाल्या. मी शिक्षक झालो. भेट झाली की ते हसून विचारतात, "काय गुरुजी, रांजण भरला का?" मीही हसतो. पण वर्गात जाण्यापूर्वी मी रोज शाळेची पाण्याची टाकी पाहून येतो.

मुलांनो, तुमच्यावर सोपवलेले काम लहान असेल; पण त्यावर कोणाची तरी तहान अवलंबून असते.