काळ्या पेल्यांचे गुण

चार पदार्थ एका रांगेत मांडून त्यांना गुण देण्याची हौस पुणेकराला कोणी शिकवावी लागत नाही. मिसळीवरून आणि अमृततुल्य चहावरून येथे घरोघर वाद झडतात. तेव्हा डब्लिनहून सुट्टीवर आलेला माझा भाचा दापोडीस आमच्याकडे उतरला आणि "मामा, पुण्यातल्या स्टाउटना गुण द्यायला तुम्ही बरोबर चला," असे म्हणाला, तेव्हा मला त्या बेताचे नवल वाटले नाही. पेय तेवढे निराळे होते. आमच्या सौभाग्यवतींनी "कॉलेजात कोणाला सांगू नका," एवढीच अट घातली.

स्टाउट म्हणजे काळी बिअर. कॉफीच्या बिया भाजाव्यात तसे सातू काळेभोर होईपर्यंत भाजतात. त्यातून तो रंग आणि तो कडसर, खरपूस स्वाद येतो. आमच्या भागाला हे प्रकरण अगदीच परके नाही. एच. जी. मीकिन नावाचा इंग्रज १८८७ साली हिंदुस्थानात आला, सिमला आणि कसौली येथील जुने बिअरचे कारखाने त्याने विकत घेतले आणि पुढे रानीखेत, डलहौसी यांच्या जोडीला खडकीसही एक कारखाना काढला. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की बोपोडी आणि तिला लागून खडकी. म्हणजे गोऱ्या पलटणीची तहान आमच्या नदीपलीकडेच भागत होती म्हणायची. अलीकडची हकिकत २००९ पासूनची. त्या वर्षी पुण्यात 'डूलाली' ही बिअरची छोटी भट्टी सुरू झाली. हे नाव आपल्या देवळालीचेच आहे! तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहता पाहता गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत तो शब्दच वेडेपणासाठी रूढ झाला.

भाच्याने वहीत रकाने आखले होते : रंग, फेस, स्वाद आणि मागे रेंगाळणारी चव, प्रत्येकी दहा गुण. सर्वांत वर 'डब्लिन' असे लिहून त्यापुढे चाळीसपैकी चाळीस अगोदरच भरलेले होते. ताईने मला फोनवर जे सांगितले होते त्याचा अर्थ तेव्हा उलगडला. परत येण्याचा विषय काढला की तो हसून म्हणे, "तिथल्यासारखी स्टाउट इथे मिळाली की येतो." ताई ते थट्टेवारी नेत नव्हती.

पहिल्या ठिकाणी एकतीस गुण पडले, दुसऱ्या ठिकाणी सत्तावीस. फेस दाट नाही, ही तक्रार दोन्हीकडे. ती खरीही होती. डब्लिनच्या स्टाउटमध्ये नत्रवायू सोडतात. तो पेयात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे अगदी बारीक राहतात आणि फेस सायीसारखा बसतो. परंतु पहिला पेला कोरड्या जिभेने प्यालेला, दुसरा खाऱ्या शेंगदाण्यांवर. दोहोंची तुलना करावी कशी? शिवाय एकेका पेल्यावरून सबंध भट्टीची परीक्षा! मला गॉसेटची आठवण झाली. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला रसायनज्ञ. थोड्याशा नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येते, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले. संख्याशास्त्राचे आपले विद्यार्थी ती कसोटी घोकतात. ती बिअरच्या कारखान्यातून आली हे मात्र त्यांना क्वचितच ठाऊक असते.

तिसऱ्या ठिकाणी स्टाउट होती आणि तिची वडील बहीण पोर्टरही होती. मी भाच्याला डोळे मिटायला लावले. वाढप्याने तीन लहान पेले आणले; दोहोंत एक पेय, तिसऱ्यात दुसरे. वेगळा कोणता ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनदा एकदा जमेल. त्याने ओळखले. पुन्हा पेले मांडले, पुन्हा ओळखले, तिसऱ्यांदाही. केवळ दैवाने असे व्हायची शक्यता सत्तावीसांत एक. वाढपी आमच्याहून खूष झाला.

"म्हणजे माझी जीभ खरी!" भाचा म्हणाला.

"खरी," मी म्हणालो. "दोन्ही वेगळ्या आहेत, एवढे तिने सिद्ध केले. सरस कोणती, ते या परीक्षेत विचारलेलेच नाही. आणि तुझा तो चाळीस गुणांचा पेला डोळे मिटून कधी प्यालास?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वही पुढे ओढली, पहिल्या ओळीतला चाळीसचा आकडा खोडला आणि तेथे दुसरा न लिहिताच पेन खिशाला लावले. परतताना गाडीत त्याने विचारले, "दापोडीत आता फ्लॅटचा भाव काय चालतो, मामा?"

ताईला मी एवढेच कळवले.