लोहगडाचा पुरावा

"तिकिटावर कॉलेजचं नाव आहे का?" हा प्रश्न आठवला की माझं डोकं अजूनही फिरतं.

बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला गटाने एखादा विरंगुळ्याचा कार्यक्रम आखायचा, पार पाडायचा आणि अहवाल द्यायचा, असा प्रोजेक्ट होता. बाकीच्या गटांनी अंताक्षरी नि हाउजीवर भागवलं. आम्ही होस्टेलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना लोहगडावर न्यायचं ठरवलं. लातूर, हिंगोली, वाशीमकडची मुलं. पुण्यात येऊन वर्ग, मेस आणि खोली यापलीकडे त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. पावसाळ्यातल्या रविवारी गडावर मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून डिसेंबरातला आडवार धरला. पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, सगळ्यात हळू चालणारा सगळ्यांच्या पुढे, सगळं रीतसर. असलं काही करणाऱ्यांना एकच सांगते: पैसे हातात पडल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नका. 'शंभर टक्के येतो' म्हणणाऱ्यांच्या घरी आदल्या रात्री हमखास पाहुणे येतात.

लोणावळा लोकलने मळवली, भाज्याची लेणी, मग लोहगडवाडीवरून वर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. विंचूकाट्यावरून पवना धरणाचं पाणी दिसलं तसा हिंगोलीचा एक जण आईला व्हिडिओ कॉल लावायला धडपडू लागला. रेंज येईना, तर गडी हात उंच करून तटाच्या कडेला जायला लागला. त्याला ओढून मागे आणला. उतरताना वाडीतल्या एका काकूंकडे पिठलं-भाकरी. कुणाला खरचटलंही नाही.

आणि मग व्हायवा.

सरांनी फाइल उघडली आणि विचारलं, "जिओटॅग फोटो?" फोटो ढिगाने होते, पण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले, त्यात जागेची नोंद उरत नाही. सरांना हवी होती ती फोटोखालची पट्टी: छोटा नकाशा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. शिवाय फोटोत कॉलेजचा फ्लेक्स. आमच्यातला एक म्हणाला, "सर, ते संरक्षित स्मारक आहे, दरवाजाला फ्लेक्स कसा बांधणार?"

"बांधायचा कशाला? धरायचा."

मी मळवलीची तिकिटं पुढे केली. तारखेसकट. त्यावर तो कॉलेजच्या नावाचा प्रश्न आला. मग काकूंची पावती काढली. घरात कोरा कागद नव्हता म्हणून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे 'ताटांचे पैशे मिळाले' असं लिहून सही केली होती. सरांनी ती उलटी केली, वधूवरांची नावं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "जीएसटी बिल नाही?"

तोडगा त्यांनीच काढला. शनिवारी फ्लेक्स घेऊन कॉलेजच्या बागेत उभं राहायचं. पट्टीत पत्ता कॉलेजचाच येणार, म्हणून कार्यक्रमाचं नावही बदललं: 'गिर्यारोहण पूर्वतयारी मार्गदर्शन शिबिर'. गटातला जो मुलगा ताप आल्याचं सांगून लोहगडाला आलाच नव्हता, तो उंच होता म्हणून फ्लेक्स धरून मधोमध. त्याला 'समन्वयक' म्हणून आमच्यापेक्षा दोन गुण जास्त. कागदोपत्री आम्ही लोहगडाला गेलोच नाही!

मी तेव्हा सरांना मनातून काय काय शिव्या घातल्या. पुढे कळलं, ते तासिका तत्त्वावर होते, मूल्यांकनाची समिती येणार होती आणि फायली भरायचं काम सगळं त्यांच्याच गळ्यात होतं. समितीला ना विंचूकाटा दाखवता येतो ना पिठल्याची चव. त्यांचंही खरं होतं म्हणा. आता मी कंपनीच्या सहली काढते, तेव्हा बसमधून उतरताक्षणी मीच ओरडते, "आधी फोटो, मग चहा!" पण ते दोन गुण? ते मात्र नाही पटत. तापाचं नाटक करणाऱ्याला जास्त गुण द्यायला कुठल्या समितीने सांगितलं होतं?

हिशेबात माणशी पंधरा रुपये उरले होते, ते परत द्यायचे कबूल केलं होतं. ते फ्लेक्सच्या छपाईत गेले. हिंगोलीवाला आता पुण्यातच नोकरीला आहे. भेटला की आधी पंधरा रुपये मागतो, मग कशी आहेस विचारतो.