आईची खाडी

यंदा फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब ऐरोलीला, ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य पाहायला गेलो. सोबत सत्तरीची आई. "खाडी काय पाहायची? बालपण गेलं तिथं," असे म्हणतच ती होडीत बसली. विक्रोळीच्या खाडीकाठी तिच्या आईबापाची झोपडी होती.

भरती नुकतीच लागली होती. रोहित पक्षी चोची उलट्या बुडवून चिखलपाण्यातले शेवाळ गाळून खात होते. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. मुले हरखून गेली. सोबतच्या तरुणाने माहिती दिली : २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर यादीत आले. तिवरे किनाऱ्याची धूप थांबवतात, ती तोडणे गुन्हा आहे.

आई मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "बाळा, आम्ही तिवराच्याच फांद्या जाळून भाकरी भाजल्या. निवट्या धरून कालवण केलं. रॉकेलला पैसे कुठं होते?"

तो पोरगा गप्प झाला. आम्हीही. मुलांना हे आम्ही कधी सांगितलेच नव्हते. चाळीतून फ्लॅटमध्ये आल्यावर तर मुळीच नाही.

धाकटी म्हणाली, "आजी, निवटी कशी असते?"

आई कडेवरून वाकली आणि काठच्या चिखलाकडे बोट दाखवू लागली.