मागे पाहताना

मागील पत्रव्यवहार पाहिल्याखेरीज पुढे एक ओळही लिहू नये, हा धडा आम्ही कचेरीत दहा वर्षे गिरवीत आलो आहोत. गाडीच्या बाबतीत मात्र तो आम्ही पार विसरलो.

आमची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. तिला ‘कॅम्पर’ हे भारदस्त नाव आमच्या चिरंजीवांनी दिले. मागच्या आसनांवर काढता-घालता येणाऱ्या फळ्या, त्यांवर गादी, एक स्टोव्ह आणि पाण्याचे पिंप, एवढाच तिचा संसार. आसने उखडण्याचे धाडस आम्ही केले नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ बांधणीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि आमच्यासारख्याने तरी कलमांची बूज राखावी. रजा-प्रवास सवलतीत खासगी गाडीचा खर्च मिळत नाही, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोच. तरीही पोंगलच्या सुट्टीत याच गाडीने तंजावरला जावे, आणि सरफोजी राजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविलेला भोसल्यांचा मराठी इतिहास मुलाला बोटाने दाखवावा, असा आमचा बेत होता.

गादी-सामानाने मागची काच झाकून जाते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मागच्या दरवाज्यावर, नंबर-पाटीच्या वर, कॅमेरा बसवून घेतला. रिव्हर्स गिअर टाकला की समोरच्या पडद्यावर मागचा रस्ता उमटे. हे यंत्र आले आणि आमची मान वळेनाशी झाली. एस.टी.च्या मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा आणि पत्र्यावर थाप मारून ‘बस्स!’ म्हणणारा गावाकडचा कंडक्टर आम्हांला एकदम जुनाट वाटू लागला.

नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस लागला आणि चित्र थरथरू लागले. कधी दिसे, कधी नुसता निळा पडदा. भिजले आहे, वाळेल, असा आमचा समज. कचेरीतील कैक तक्रारी आम्ही याच समजाने वाळविल्या आहेत!

एका सकाळी पडदा निळाच होता. उशीर झालेला, आम्ही त्या निळ्या पडद्याकडे पाहत गाडी मागे घेतली. ज्यात काही दिसत नव्हते, त्याकडेच आम्ही पाहत होतो, हे आज लिहितानाही हात अडखळतो. एवढ्यात पत्र्यावर दोन थपडा बसल्या आणि पाठोपाठ किंकाळी. उतरून पाहतो तो शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजीबाई, गाडीला टेकून उभ्या. आणि चाकापासून वीतभर अंतरावर त्यांचा तीन वर्षांचा नातू उकिडवा बसून कोलमच्या पिठात बोट फिरवीत होता. पाट्टी आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. नातवाला कडेवर घेतले आणि आत गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री झोप नव्हतीच, वाचीत बसलो. अमेरिकेत 2002 साली कॅमेरॉन गुलब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या वडिलांनी मागे घेतलेल्या गाडीखाली सापडला. त्याच्या नावाचा कायदा 2008 मध्ये झाला. नव्या मोटारींना असा कॅमेरा पूर्णपणे सक्तीचा व्हायला मात्र मे 2018 उजाडले. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींत मागचा अडथळा ओळखून इशारा देणारे सेन्सर आवश्यक ठरले. आमची व्हॅन त्याआधीची. पुढे वाचवेना.

सौभाग्यवतींनी निकाल दिला, “नीट होईपर्यंत गाडी हलवायची नाही. आणि नीट झाली तरी मी खाली उतरून मागे उभी राहणार.”

शनिवारी रिची स्ट्रीटवर बाराशे रुपयांना नवा कॅमेरा घेतला. एका दुकानदाराने तो लगेच बसवूनही दिला. दोन दिवस चित्र दिसले, तिसऱ्या दिवशी पुन्हा निळे.

मग पुदुपेट गाठले. एग्मोरजवळची ही सुट्या भागांची बाजारपेठ. नावाचा अर्थ ‘नवी पेठ’, धंदा मात्र मुख्यतः जुन्याचा. तेथील एका वयस्क वायरमनने कॅमेऱ्याकडे पाहिलेही नाही. कॅमेऱ्याला वीज मिळते ती रिव्हर्सच्या दिव्याच्या बारा व्होल्टच्या तारेतून. दिवा लागत होता, म्हणजे तिथवर ठीक. त्याने चिरंजीवांना मागचा दरवाजा हळूहळू उघडायला-मिटायला सांगितले, आणि दरवाजा अर्धा वर येताच पडद्यावर चित्र लखकन उमटले. बिजागरीपाशी तारा एका रबरी नळीतून दरवाज्यात शिरतात. दार उघडले की त्या तिथेच वाकतात, मिटले की तिथेच सरळ होतात. नळी सोलून त्याने दाखविले: वरचे आवरण शाबूत, आत तांब्याचे धागे तुटलेले. पहिल्यांदा बसविणाराने तार ताणून बसविली होती. त्याने नवा तुकडा सोल्डर केला, ढील ठेवली, आणि तीनशे रुपये घेतले. जाता जाता आणखी एक गोष्ट केली. नवा कॅमेरा डावे उजवीकडे दाखवीत होता, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते! त्याच्या तारेचे एक हिरवे वेटोळे त्याने कापले आणि चित्र आरशासारखे झाले. जुना कॅमेरा जोडून पाहिला, तोही उत्तम चालत होता.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पडदा स्वच्छ होता. सौभाग्यवती ठरल्याप्रमाणे मागे उभ्या. इतक्यात पाट्टींचे दार उघडले. नातू कडेवर होता. त्या पायऱ्या उतरून सौभाग्यवतींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मोकळा हात हलवू लागल्या, “वांग, वांग…” आम्ही काच खाली केली आणि मान मागे वळविली.